मशीनमधला राक्षस

आमच्या घरचे राक्षस होते. हे मी रागानं म्हणत नाही. रागानं म्हणायला माझ्याकडे दुसरे शब्द आहेत आणि ते मी लग्नानंतर पोटभर वापरलेत. हे दंडारीत राक्षस व्हायचे. आमच्या तुमसरकडच्या गावांत भाऊबीज झाली की मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे बरं का, जत्रा. आज या गावची, उद्या त्या गावची. पाहुणेरावळे, पाळणे, जिलबी आणि मधोमध दंडार, म्हणजे पेटी-ढोलकीवर उघड्यावर रंगणारं नाटक. त्यात देव होणारे पुष्कळ मिळतात. रंग फासला, मुकुट ठेवला की झाला देव. राक्षस मिळणं कठीण, कारण राक्षसाला हसता आलं पाहिजे.

अंगानं पाहाल तर हे काडी. बाकीचं वर्ष तुमसरच्या राईस मिलमध्ये कामाला. घरात असे गुमसुम की पाहुणे मला बाजूला घेऊन विचारायचे, रुसले की काय तुमचे हे? पण दंडारीत काळा झगा चढवला, पेटीवाल्या बुवांनी खालचा सूर धरला की यांच्या बेंबीपासून हसू निघायचं. आधी नुसती घरघर. मग ते थांबायचं, लोकांना वाटायचं संपलं, आणि तेवढ्यात उसळायचं. लेकरं आयांच्या पदरात घुसायची. म्हातारे मागून ओरडायचे, "अजून एकदा, बाप्पा, अजून एकदा!" मी यांना पाहण्याआधी यांचं हसू ऐकलं. आमच्याकडे सोयरिकी मंडईतच जुळतात. माझे बाबा मला घेऊन या गावच्या मंडईला आले होते आणि मुलगा कोणता ते विचारायच्या आतच राक्षस हसला. बाबा म्हणाले, "पोट्टा दमाचा हाय." तेवढ्यावर माझं लग्न ठरलं.

खोड एकच, खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून खसाखसा घासायचा आणि गालात दाबून ठेवायचा. आमच्या भंडारा जिल्ह्यात चहाला नाही म्हणणारा माणूस सापडेल, खर्ऱ्याला नाही म्हणणारा शोधावा लागतो. मी अंगणवाडीत सेविका आहे. लेकरांच्या बापांना खर्ऱ्यावर दोन शब्द सुनावून घरी यायचं, तर घरात त्याच पन्नीची खसखस. मी भांडले, पन्न्या चुलीत टाकल्या, माहेरी जाऊन बसले. काही उपयोग झाला नाही. हे म्हणायचे, "खर्रा नसला तं गळा कोरडा पडते वं." गळा, गळा, गळा! या माणसाला देवानं बाकीचं शरीर दिलंच नव्हतं जणू.

एका मंडईत दंडार सुटल्यावर एक चष्मेवाला तरुण पोरगा यांच्यासमोर येऊन उभा राहिला. नागपूरचा, मामाच्या गावी मंडईला आलेला. कुठल्याशा कंपनीत गेम बनवायचा. यांच्या तोंडावरचा काळा रंग अजून पुसला नव्हता. तो म्हणाला, "काका, तुमचा आवाज पाहिजे होता." हे म्हणाले, "घ्या न जी." कोणी प्यायला पाणी मागितल्यावर म्हणावं तसं.

मग त्यानं नीट समजावून सांगितलं. टीव्हीवर तेव्हा एक कार्टून लागायचं, शेंडीवाला पोरगा हातात काठी घेऊन गावोगावचे राक्षस बदडत फिरतो ते. माझ्या अंगणवाडीत ते सगळ्यांना पाठ. खिचडी खाता खाता पोट्टे चमच्यानं एकमेकांना बदडायचे. त्या कार्टूनवर ही कंपनी खेळायचं मशीन बनवत होती. मोबाईलवरचं नाही, मॉलमध्ये असतं तसं उभं, कपाटाएवढं. समोर उभं राहून दांडा हलवायचा, बटणं दाबायची, राक्षसाला हाणायचं. त्यांना राक्षसाचं ओरडणं हवं होतं आणि हसणं हवं होतं. शेवटची मोठी लढाई जो हरेल त्याच्यावर राक्षस हसणार. "अन् काका, पहिलं मशीन तुमच्याच गावच्या मंडईत आणून लावतो, पुढच्या दिवाळीले," असं तो म्हणाला. झालं. तेव्हापासून हे जे हवेत गेले ते खाली येईचनात. राईस मिलमध्ये, पानठेल्यावर, देवळात, जो भेटेल त्याला तेच. "पुढच्या मंडईत या. मी दोन ठिकानी हासीन. एक इकडे दंडारीत, एक तिकडे मशीनीत."

थंडीत आम्ही नागपूरला गेलो. मी आणि आमची पोरगीही गेलो, तेवढंच फिरणं. ती तेव्हा शाळेत शिकत होती, तिला मशीन कसं बनतं ते पाहायचं होतं. मशीन कुठलं तिथं? भिंतींना स्पंजसारखं काहीतरी लावलेली एक थंडगार खोली आणि मधोमध माईक. आम्हाला काचेच्या अलीकडे बसवलं. यांनी आत जाऊन चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "लोकं कुठी बसते?" लोक नाहीत म्हटल्यावर यांचा चेहरा पडला. पेटीही नव्हती. मग चष्मेवाल्यानं मोबाईलवर कसला तरी सूर लावून दिला. हे बाहेर येऊन खर्रा थुंकले, चूळ भरली, परत गेले आणि हसले. एकदाच. चष्मेवाल्यानं कानावरचं काढून ठेवलं आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. पोरगी माझा दंड दाबत म्हणाली, "आई, पाह्य न, त्याच्या अंगावर काटा आला." मीही बाई फुलून गेले, खोटं कशाला बोलू.

मग मारहाण सुरू झाली. काका, समजा पोट्ट्यानं काठी हाणली. काका, समजा विहिरीत पडले. गेम सगळ्या भाषांत चालायचा होता म्हणून शब्द नकोत, नुसता आवाज द्या, असं त्यानं चार वेळा बजावलं होतं. पण "समजा अंगावर उकळतं तेल पडलं," असं म्हटल्याबरोबर यांच्या तोंडून निघून गेलं, "अवं माय वंऽऽ!" काचेअलीकडे सगळे हसले. शब्द आला होता, पण तो ओरडा असा खरा होता की त्यांनी तोच ठेवला. परतीच्या गाडीत हे तुमसर रोडपर्यंत खुशीत होते. म्हणाले, "आज लय परकारानं मेलो वं." मी म्हटलं, "शुभ बोला जरा." तर खिडकीकडे तोंड करून पन्नी घासायला लागले.

आता जे सांगते ते आमच्या दंडारीबाहेरच्या माणसाला वेडेपणा वाटेल. आमच्या मंडळीत रीत आहे. होळी पेटली की त्या वर्षीचा राक्षस मेला. राक्षस होणाऱ्यानं होळीची राख कपाळाला लावायची आणि तोंड बंद करायचं, ते थेट गुढीपाडव्यापर्यंत. सीझनभर ओरडून बसलेला गळा त्यात सुधारतो, असं पेटीवाले बुवा सांगतात. त्यांच्या बापाच्या काळापासून चालत आलेलं आहे. या पंधरवड्यात बोलायचं नाही, गरम-तिखट खायचं नाही, ज्येष्ठमध चघळायचं, भाताची पातळ पेज घ्यायची. पाडव्याला गुढीसमोर उभं राहून तोंड उघडायचं ते हसायलाच. गल्लीतली पोरंसोरं त्या हसण्यासाठी सकाळपासून दारात बसायची.

त्या वर्षी सीझन संपता संपताच आवाज चिरकायला लागला होता. त्यात काय नवल? दरवर्षी चिरकायचा. बुवा म्हणाले, नागपूरच्या त्या थंड खोलीनं गळा धरला. मिलमधले म्हणाले, गळ्यात कोंडा गेला असेल. मी म्हटलं, खर्रा. पण मी तर ताप आला तरी खर्रा म्हणायचे आणि पाय मुरगळला तरी खर्रा म्हणायचे, माझ्याकडे कोण लक्ष देतं? मग होळी आली, राख लावली आणि यांनी तोंड मिटलं. घरात सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. बोलत नव्हते, बोलायचंच नव्हतं. खुणेनं पेज मागायचे, पेजच द्यायची होती. घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, तर मला वाटलं ज्येष्ठमधानं येत असेल. आजारानं बरोबर आमच्याच रीतीचा झगा अंगावर घातला आणि आमच्याच घरात येऊन बसला, आणि आम्ही त्याला निगुतीनं पेज वाढली.

पाडव्याला गुढी उभारली. पोरं जमली. बुवा पेटी घेऊन आले, त्यांनी खालचा सूर धरला. हे पुढे झाले, छाती भरून घेतली आणि तोंड उघडायला गेले, तर ते उघडेचना. दोन बोटंही आत जाणार नाहीत एवढीच फट. आतून घरघर आली, थांबली, सगळे वाट पाहत राहिले. नंतरचं उसळणं आलंच नाही. एक पोट्टा हसला, त्याला वाटलं गंमत आहे. यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मला सगळं कळलं, डॉक्टरनं नंतर फक्त नाव सांगितलं.

नागपूरचा दवाखाना, तिथली रांग, पायऱ्यांवर झोपलेली आमच्याच जिल्ह्यातली माणसं, सगळ्यांच्या गालांवर पट्ट्या, ते मी सांगत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना देव न दाखवो. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेला, जीभ गेली आणि गळ्यातली आवाजाची पेटीही गेली. डॉक्टरीणबाई चांगली होती. म्हणाली, ताई, जीव वाचवायचा तर आवाज ठेवता येणार नाही. मी म्हटलं, जीव वाचवा. दुसरं काय म्हणणार होते मी? शुद्धीवर आल्यावर हे मला काहीतरी सांगायला गेले आणि गळ्याला पाडलेल्या भोकातून वाऱ्यासारखा आवाज आला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

घरी आल्यावर यांच्या खुणा सुरू झाल्या. पाणी, भात, पोरगी, झोप, सगळ्याला खूण ठरली. एक खूण मात्र कोणी न शिकवता मला पहिल्या दिवशीच कळली. पोटावर हात ठेवायचा, तो हलवायचा आणि मग कानाकडे बोट न्यायचं. म्हणजे माझं हसू. मशीन कधी येणार? पाऊस सरला, धान पोटऱ्यांत आलं, दिवाळी जवळ आली तशी ही खूण दिवसातून कितीदा तरी व्हायला लागली. गळ्याशी उपरणं गुंडाळून दारात बसायचे आणि रस्त्यानं टेम्पो गेला की मान वर. दंडारीत आता दुसरा कोणी राक्षस होणार, हे त्यांनी मुकाट्यानं मान्य केलं होतं. पण मशीनमध्ये तेच हसणार होते. गावाला ते ऐकवायचं होतं. मरायच्या आधी, असं मी म्हणत नव्हते, तेही खुणेनं म्हणत नव्हते, पण आम्हा दोघांना ते माहीत होतं.

चष्मेवाला फोन उचलेना. मी नागपूर गाठलं. कंपनीत खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. तो पोरगा मला पाहून उठून उभा राहिला आणि यांचं विचारलं. मी सांगितलं. त्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाला, "काकू, गेम कॅन्सल झाला." टीव्हीवरचं ते कार्टूनच चॅनलवाल्यांनी बंद केलं. कार्टून बंद, म्हणून त्याचा गेम बंद. अर्धाही झाला नव्हता.

मी म्हटलं, "खड्ड्यात जाऊ द्या गेम. मले हासू पाहिजे. त्याईनं त्या खोलीत हासलं ते द्या."

तो म्हणाला, आवाजाचं सगळं सामान करारानं चॅनलवाल्यांचं होतं. ते घेऊन गेले, कंपनीतलं पुसायला लावलं. त्यानं स्वतः दहा फोन केले होते, तिकडे कोणाला काही माहीत नव्हतं.

"माझ्या नवऱ्याचं हासनं अन् सामान चॅनलवाल्याचं?" मी एवढ्या जोरानं ओरडले की बाहेरचा चपराशी आत आला. "जीभ घेतली डॉक्टरनं, म्या सही देल्ली. हासू न्याले कोनी सही देल्ली बे?" पोरगा वाईट नव्हता, रडवेला झाला होता. त्याच्यावर ओरडून मला काय मिळणार होतं? पण कोणावर तरी ओरडल्याशिवाय माझ्यानं उठवेना.

शेवटी त्यानं मागच्या खोलीत नेऊन दाखवलं. चाचणीसाठी बनवलेलं एकुलतं एक मशीन तिथं उभं होतं, भंगारात जायला निघालेलं. "यात काय काय टाकलं होतं ते मले आठवत नाही काकू. असेलही हसू. घेऊन जा." असेलही, या एका शब्दावर मी ते कपाट भंडाऱ्याच्या वाटेला लावलं. आमच्या मिलचा टेम्पो नागपुरात तांदूळ उतरवून रिकामा परतत होता, त्यात चढवलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं टेम्पोवाला वाटेत म्हणाला. मी त्याला म्हटलं, गाडी सांभाळून चालव, आतला माणूस आजारी आहे.

छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, यांच्या खाटेशेजारी मशीन लावलं. अर्धं गाव गोळा झालं. बटण दाबलं, पडदा उजळला आणि कोणी हात लावायच्या आधीच मशीन आपोआप नमुन्याची लढाई दाखवू लागलं. शेंडीवाल्यानं काठी हाणली आणि आमच्या छपरीत, भरलेल्या, गोल, यांच्या आवाजात कोणी तरी ओरडलं, "अवं माय वंऽऽ!" हे खाटेवर उठून बसले होते. पोटावर हात ठेवून हलवत होते. हसू. हसू कुठं आहे?

पोरगी कामाला लागली. शाळेतून आली की मशीनपुढे. जिंकून पाहिलं, हरून पाहिलं. पहिल्या गावात हरून पाहिलं, जंगलात हरून पाहिलं, किल्ल्याच्या पायथ्याशी हरून पाहिलं. त्याच्या पुढे पडदा करडा व्हायचा आणि मशीन गप्प. किल्ल्यावरची शेवटची लढाई बनलीच नव्हती आणि हसू तर त्या लढाईनंतर होतं. ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "आई, नाई हाय त्याच्यात. नुसतं ओरडनंच टाकलं हाय." मी यांना कसं सांगू म्हणून भाकरी थापत उभी राहिले. सांगावं लागलं नाही. बाहेर आले तर हे पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बसले होते आणि तीच रडत होती.

तरी मंडईत मशीन न्यायचंच, असा यांनी हट्ट धरला. नेलं. झाडाखाली फळ्या अंथरून, देवळातून वायर ओढून उभं केलं. पोरांची ही रांग. हे शेजारी खुर्चीवर, उपरण्यात तोंड. पोट्टे बटणं बडवत होते, मागचे ओरडत होते, "हान बे, हान त्याले! डोस्क्यावर हान!" आणि प्रत्येक काठीला यांचा आवाज विव्हळत होता. पलीकडे दंडारीत नवा राक्षस हसत होता, पत्र्यावर खडे पडावेत तसा. मला सहन होईना. मी जाऊन वायर उपटली. म्हटलं, "बस झालं! मानुस हाय तो!" पोरं चरकली. यांनी उठून माझं मनगट धरलं. या वाळलेल्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. वायर माझ्या मुठीतून सोडवून घेतली आणि स्वतः वाकून परत लावली. मग खुर्चीवर बसून डोळे मिटून ऐकत राहिले. विव्हळणं तर विव्हळणं, आवाज यांचा होता.

थंडीत गाठ परत आली, गळ्याच्या दुसऱ्या बाजूला. डॉक्टरीणबाईनं माझ्याकडे न पाहता सांगितलं की आता घरीच ठेवा. दुखायचं फार. दुखलं की माणूस आधी ओरडतो, मग औषध मागतो. यांना ओरडताच यायचं नाही. मी मागच्या अंगणात भांडी घासत असायचे आणि हे छपरीत चादर मुठीत धरून पडलेले, आणि मला पत्ताच नसायचा. मी ताटली आणि चमचा दिला होता वाजवायला, पण हातातून पडायचा.

मग एक दिवस मी विहिरीवर असताना मशीन ओरडलं. पोरगी तर शाळेत होती. मी आले तर हे खाटेवरून हात लांब करून बटण दाबून राहिले होते. शेंडीवाला राक्षसाला हाणत होता, राक्षस "अवं माय वंऽऽ" करत होता आणि यांच्या कपाळावर घाम. मी औषध दिलं. तेव्हापासून तीच रीत झाली. चाचणीचं मशीन, त्याला पैसे टाकावे लागत नव्हते. दुखलं की हे हात लांब करायचे, स्वतःलाच काठी हाणायचे, आतून ओरडायचे आणि मी असेन तिथून ओरडायचे, "आली जी, आली!" शेजारणीही ओळखायला लागल्या. नळावरून हाक मारायच्या, "जा वं, तुझा राक्षस बोलावून राहिला."

एकच घोळ व्हायचा. लाईट गेली की मशीन बंद, आणि परत आली की ते आपोआप सुरू होऊन नमुन्याची लढाई दाखवायचं आणि ओरडायचं. मी हातचं टाकून धावत यायचे. हे खाटेवर शांत पडलेले, हात हलवून म्हणायचे, मी नाही, मी नाही. आणि माझा फजित चेहरा पाहून यांचे खांदे हलायला लागायचे. आवाज नाही, काही नाही, नुसते खांदे. मी चिडायचे, "हासा, हासा! इथं माझा जीव जाते अन् तुमाले हासू सुचते." पण ते खांदे पाहायला मिळावेत म्हणून लाईट जाऊन यावी असंही मला वाटायचं. उरलं होतं ते हसू तेवढंच होतं.

उन्हाळ्यात एक दिवस दुपारी वादळ आलं. गावाबाहेर तारा तुटल्या आणि लाईट गेली. मी खाटेजवळच बसले होते, पोरगीही होती. यांचा हात सारखा मशीनकडे जात होता. मी म्हटलं, "अजी, मी इथंच हाय. कोनाले बोलावता?" तरी हात जात होता. काळ्या पडद्याखालचं बटण दाबायचे, परत दाबायचे. मग मी तो हात माझ्या हातात घेतला. वारा पडला, पत्रा वाजायचा थांबला, आणि थोड्या वेळानं हातही थांबला.

माणसं जमली. पुरुष अंगणात बांबू बांधायला लागले. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते आणि बायका मला रड म्हणून सांगत होत्या. माझं तोंड आयुष्यात पहिल्यांदा बंद पडलं होतं. कोणीतरी हातात पाण्याचा गिलास दिला. दिवस कलला. अंगणात कोणी म्हणालं, झालं, उचला आता.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा हलला. बल्ब लागला. आणि बाहेर छपरीतून आवाज आला, "अवं माय वंऽऽ!"

"आली जी, आली!" मी उठले. गिलास घेऊन दारापर्यंत पोहोचले तेव्हा बायकांनी मला मागून धरलं. खाट रिकामी होती. मशीन आपली नमुन्याची लढाई लढत होतं, एका काठीमागून दुसरी काठी, आणि दर काठीला अंगणातली माणसं दचकत होती. बुवा पुढे होऊन भिंतीवरचं बटण चाचपत होते.

मी म्हटलं, "बुवा, राहू द्या. इतके दिस गुमान दुखलं त्याईले. आता ओरडू द्या."